कोहिनूर बघून झाल्यावर

लंडनला पाहुणे आले की टॉवर ऑफ लंडन ठरलेलंच. कोहिनूर बघून, 'आपलाच आहे तो' असं म्हणून झालं की मी त्यांना पलीकडच्या रॉयल मिंट कोर्टाकडे नेते. बघण्यासारखं काही नाही. जुनी टांकसाळ, 2018 साली चीननं वकिलातीसाठी विकत घेतलेली. पण याच जागेत 1348-49च्या, युरोपभर पसरलेल्या प्लेगची दफनभूमी होती. 1980च्या दशकात खोदकाम झालं तेव्हा साडेसातशेच्या आसपास सांगाडे निघाले. लांबलचक चर, त्यात कुठे कुठे एकावर एक पाच प्रेतं. तरी सगळी ओळीनं, डोकी पश्चिमेला.

हा प्लेग होता का, यावरच पुढे विद्वानांत वाद पेटला. आणि त्यात पुरावा म्हणून कोण, तर आपण! 1896 साली मुंबईच्या मांडवी बंदराजवळच्या वस्तीत डॉ. अकासियो व्हिएगस या गोवेकर डॉक्टरांनी प्लेग ओळखला. मग मुंबई-पुण्यात जे झालं, त्याची इंग्रजांनी बारीक नोंद ठेवली: आधी उंदीर पडायचे, मग माणसांना गाठी यायच्या. काही अभ्यासकांचं म्हणणं असं, की भारतातला प्लेग इतका सावकाश पसरला, तर युरोप झपाट्यानं साफ करणारा रोग तोच कसा असेल? कुणी तर इबोलासारख्या विषाणूपर्यंत जाऊन पोचलं.

निकाल लावला दातांनी. रूट कॅनल करताना डॉक्टर दाताच्या पोटातून जो मऊ गर काढतात, त्यात रक्तवाहिन्या असतात. प्लेगचे जंतू रक्तात भिनले की तिथेही पोचतात. माणूस गेल्यावर गर सुकून पूड होतो, पण बाहेरून इनॅमलची चिलखत असल्यामुळे ती पूड शतकानुशतकं टिकते. प्रयोगशाळेत नखशिखांत झाकून घेतलेला माणूस दात मुळाशी कापतो आणि आतून चिमूटभर पूड कोरतो. आपलाच डीएनए त्यात पडू नये म्हणून ही सगळी सोवळ्याची तयारी. मिळतात ते डीएनएचे बारीक तुकडे, पन्नास-साठ अक्षरांचे (अक्षर म्हणजे डीएनएच्या साखळीतला एकेक रासायनिक दुवा), बरेचसे मातीतल्या जंतूंचे. प्लेगचे तेवढे वेचायचे आणि जुळवायचे. तुकड्यांची टोकं काळानं ठराविक पद्धतीनं झिजलेली असतात, त्यावरून अस्सल जुना माल कळतो. (पाहुण्यांचा हमखास प्रश्न: जंतू जिवंत असतील का? नाही हो. त्या तुकड्यांतून कुणी उठून बसत नाही.)

2011 साली जर्मनीतलं ट्युबिंगन आणि कॅनडातलं मॅकमास्टर विद्यापीठ यांच्या संशोधकांनी इथल्या दातांतून त्या जंतूचा जवळजवळ अख्खा जीनोम, म्हणजे त्याचा संपूर्ण डीएनए, जुळवला. यर्सिनिया पेस्टिस, म्हणजे प्लेगचाच जंतू! आजच्या जंतूपेक्षा फरक सेहेचाळीस लाखांवर अक्षरांत जेमतेम शंभरेक ठिकाणी. म्हणजे 1348ची साथ एवढी भयंकर ठरली ती जंतू वेगळा होता म्हणून नव्हे. परिस्थिती, हवामान आणि आधीच खंगलेली माणसं यांच्याकडे बघायला हवं. मला हे जास्त पटतं. पुण्यातही नुसत्या जंतूनं माणसं मेली नाहीत.

आणि नातं तर सरळ आहे. 1894 साली हाँगकाँगमध्ये भडकलेला आणि पुढे मुंबईत उतरलेला प्लेग याच मध्ययुगीन जंतूच्या वंशातला. मार्च 1897 मध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या, जूनमध्ये गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली, त्यामागचा रोग हाच. दातांतून याची पडताळणी पुण्यात मात्र अवघड, कारण आपल्यात बहुतेकांचं दहन होतं. ख्रिस्ती आणि मुसलमान दफनभूमींतून काही हाती लागेल, पण कुणाच्या आजोबांची कबर उकरायला सांगणार कोण? इथे निदान साडेसहाशे वर्षं उलटून गेलेली आहेत.

प्लेगचा सांगाडा प्रत्यक्ष बघायचा असेल तर बार्बिकन स्टेशनजवळच्या चार्टरहाऊसच्या संग्रहालयात जा. नव्या रेल्वेमार्गाच्या खोदकामात 2013 साली तिथल्या चौकात पंचवीस सांगाडे सापडले, त्यांतला एक तिथे ठेवलाय. दात जरूर बघा. माझी मावशी बघून म्हणाली, 'माझ्यापेक्षा याचे बरे आहेत.'