आमची वाटचाल: खोक्यावरचं झाड

डिसेंबर उजाडला की आमच्या शेडमध्ये दोन पाळ्या सुरू होतात. निफाड, दिंडोरी, पिंपळगावच्या पॅकहाउसना निर्यातीच्या द्राक्षासाठी पाच किलोची खोकी लागतात, ती आम्ही बनवतो. वडिलांनी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत भाड्याचा गाळा घेतला, तेव्हा त्यांच्याकडे एक स्टिचिंग मशीन आणि घडीच्या रेघा पाडणारं, हातानं फिरवायचं क्रीझिंग मशीन होतं. फरसाणवाले, बेकरीवाले, औषधाच्या बाटल्या भरणारे हे तेव्हाचे गिऱ्हाईक. तीन प्लायचं, म्हणजे कागदाच्या तीन थरांचं खोकं आणि छपाई म्हणजे एका रंगात दुकानाचं नाव. बाकी कोणी काही मागत नसे.

मी धंद्यात आलो आणि आम्ही निर्यातीच्या पाच प्लायच्या खोक्यांकडे वळलो. त्यानंतर थोड्याच दिवसांत २०१० चा हंगाम आला. क्लोरमेक्वाट क्लोराइडचा, म्हणजे वेलीची वाढ रोखणाऱ्या ज्या औषधाला आपल्याकडे लिहोसिन म्हणतात त्याचा अंश निघाल्यामुळे आपल्या द्राक्षाचे कंटेनर युरोपात अडकले. ज्यांनी ते कधी फवारलंही नव्हतं, त्या बागायतदारांचा मालही लटकला. आमची खोकी रचून पडली. त्या वर्षी मला एक गोष्ट पक्की कळली. तिकडचा खरेदीदार माणूस ओळखत नाही, तो खोक्यावर काय लिहिलंय ते ओळखतो. तिथं एकानं केलेली चूक सगळ्या गावाला भोवते. ग्रेपनेटमुळे, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षबागांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीमुळे, आज प्रत्येक खोक्यामागे बागेचा नोंदणी क्रमांक असतो, आणि शेतकरी तो जिवापाड जपतात. खोक्याच्या कागदालाही असा क्रमांक असतो, हे मात्र मला बऱ्याच उशिरा समजलं.

समजलं ते असं. एका निर्यातदाराचा फोन आला. हॉलंडच्या खरेदीदाराला खोक्यावर एफएससीचं चिन्ह हवंय, पीडीएफ पाठवतोय, स्टिरिओ, म्हणजे छपाईचा ठसा, करून छापून टाका. एफएससी म्हणजे लाकूड आणि कागद जबाबदारीच्या स्रोतातून आलाय हे प्रमाणित करणारी संस्था. पीडीएफमध्ये बरोबरच्या खुणेतून वर गेलेली झाडाची रेघ होती. आमच्याकडचा क्राफ्ट पेपर चांगल्या मिलचा होता, डीलरही म्हणाला की कागद एफएससीचाच आहे. मला वाटलं, मग अडचण काय? पण चिन्हाखाली जो परवाना क्रमांक होता तो कोणाचा, हे विचारलं तेव्हा निर्यातदाराला सांगता येईना. मी दोन दिवस थांबलो, माहिती काढली आणि ऑर्डर नाकारली. ती दुसरीकडे गेली. वडील त्या रात्री एवढंच म्हणाले, "नंबर आपला नाही ना, मग छापू नकोस."

जे कळलं ते आमच्या धंद्यातल्या मंडळींसाठी इथं लिहितो, कारण आजही दर हंगामात मला हेच विचारलं जातं. कागद प्रमाणित असला म्हणून खोकं प्रमाणित होत नाही. जंगलापासून लगद्याची गिरणी, तिथून कागद मिल, व्यापारी, खोकंवाला अशी साखळी असते आणि तिची प्रत्येक कडी तपासलेली लागते. कागद माझ्या शेडमध्ये आला, कापला गेला, फ्लूटला, म्हणजे आतल्या लाटेच्या थराला चिकटला, की जबाबदारी माझी. माझ्याकडे साखळीचं प्रमाणपत्र नसेल तर साखळी माझ्या दारात तुटते आणि चिन्ह छापण्याचा हक्क तिथंच संपतो. वरचा लायनर, म्हणजे बाहेरचा सपाट थर, प्रमाणित आणि आतले थर कुठलेही, असंही चालत नाही. पाचही थरांचा हिशेब लागतो.

एफएससीचं पूर्ण नाव फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल. १९९२ च्या रिओ परिषदेत जंगलांबाबत बांधील करार होऊ शकला नाही. त्यानंतर १९९३ मध्ये टोरांटोत पर्यावरणवाले, लाकूड-कागदाचे व्यापारी आणि जंगलात राहणाऱ्या लोकांचे गट एकत्र बसले आणि ही संस्था उभी राहिली. २००३ पासून मुख्यालय जर्मनीत बॉनला आहे. मला यातलं सर्वांत पटलं ते मतांचं वाटप. पर्यावरण, समाज आणि अर्थ अशी सभासदांची तीन दालनं आहेत आणि तिन्हींच्या मताचं वजन सारखं. म्हणजे कितीही मोठी कंपनी असली तरी जंगलात राहणाऱ्यांना आणि पर्यावरणवाल्यांना डावलून तिला एकटीला नियम ठरवता येत नाही. गडचिरोलीत मेंढा लेखा गावानं स्वतःच्या बांबूवरचा हक्क कसा मिळवला हे आपण वाचलेलं आहे. जंगल कोणाचं हा प्रश्न मराठी माणसाला परका नाही. म्हणून ते झाड मला परदेशी खरेदीदाराची अट एवढंच वाटत नाही.

प्रमाणपत्र घ्यायचं ठरवलं. कागदाचा साठा वेगळा ठेवायला शेडमध्ये पिवळी रेघ मारली. रीलवर कार्ड लावली. किती कागद आला, किती वाया गेला, किती खोकी झाली याचा मेळ घालणारी वही सुरू केली. बिलावर माल एफएससीचा असल्याचा दावा आणि प्रमाणपत्राचा कोड लिहायला आमचा हिशेबनीस शिकला. खर्च लहान कारखान्याला जड जातो, हे खरं आहे. पंधरापर्यंत कामगार असलेल्या युनिटना गटानं प्रमाणपत्र घेता येतं, तो रस्ता लहानांनी जरूर बघावा. प्रमाणपत्र पाच वर्षांचं असतं आणि दर वर्षी तपासणी होते. आमचं प्रमाणपत्र आलं त्या दिवशी आईनं पेढे वाटले.

आणि मग चूक केली ती मी. आनंदाच्या भरात ते झाड मी सगळीकडे लावलं. गेटच्या पाटीवर, व्हिजिटिंग कार्डावर, दिवाळीच्या कॅलेंडरवर, कोटेशनच्या कागदावर आणि टेम्पोवर. पाटीवाल्यानं ते रुंद केलं, कारण जागा रुंद होती. कॅलेंडरवाल्यानं सोनेरी केलं. टेम्पोचा पेंटर हाताचा फार चांगला कलाकार. त्यानं रेघेच्या झाडाला पानं काढली, खाली गवत काढलं आणि बरोबरची खूण बाजूला स्वतंत्र काढली. परवाना क्रमांक पाचपैकी एकाच ठिकाणी होता.

पहिल्या वार्षिक तपासणीला आलेल्या मॅडमनी पाचही ठिकाणचे फोटो काढले आणि टेबलावर ओळीनं मांडले. आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, "यातलं एफएससीचं कोणतं?" मला उत्तर देता आलं नाही. तपासणी अहवालात त्रुटी लिहिली गेली आणि ती दूर करायला मुदत मिळाली. व्हिजिटिंग कार्डावर ते चिन्ह प्रसिद्धीसाठी वापरायचंच नसतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. नियम आधीपासून माझ्या हातात होते, मी वाचले नव्हते. त्या रात्री टेम्पोवरचं झाड मीच थिनरनं पुसलं.

दुसरी चूक मोठी होती आणि ती खोक्यावर झाली. लेबलची फाइल आता संस्थेच्या पोर्टलवरून आमच्या क्रमांकासकट येत होती आणि छपाईआधी प्रमाणन संस्थेची मंजुरी घेत होतो. तिथं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते यंत्रावर. जागा वाचवायला लेबल अगदी लहान घेतलं होतं आणि रबरी स्टिरिओवर कोरलं होतं. पाच प्लायच्या खोक्यावर फ्लूटच्या लाटा वरपर्यंत जाणवतात, क्राफ्टचा तंतू जाड असतो आणि पाण्यातली शाई पसरते. पहिली पाचशे खोकी स्वच्छ निघाली. नंतर बारीक आकड्यांच्या पोटात शाई भरत गेली. ३ चा ८ झाला. ® तर नुसता ठिपका राहिला.

पॅकहाउसच्या सुपरवायझर ताईंचा फोन आला. "दादा, तुमचा नंबर साइटवर टाकला, तर दुसरीच कंपनी निघतेय." मी तिथं गेलो. त्यांनी खोकं उन्हात धरलं आणि मला वाचायला सांगितलं. मलाही तो ८ च दिसला.

४२०० खोकी होती. मजबुतीत खोट नव्हती. द्राक्षं त्यातून हॉलंडलाच काय, कुठंही नीट पोचली असती. निर्यातदार म्हणाला, राहू द्या, कोण भिंग लावून बघतं? पण ताईंनी बघितलं होतं, आणि भिंग न लावता. ते झाड म्हणजे एक दावा आहे आणि खालचा क्रमांक म्हणजे त्या दाव्याला जाब विचारायचा पत्ता. पत्ता चुकला तर जाब दुसऱ्याच्या दारात जातो. सगळी खोकी परत आणली, फाडली आणि रद्दीत घालून मिलला दिली. खोक्यामागे चाळीस रुपयांच्या आसपास गेले. तीन रात्री जागून नवी खोकी दिली. वडिलांनी त्या वेळी तक्रारीचा एक शब्द काढला नाही, हे मला इथं नोंदवायचंय.

तेव्हापासून लेबलासाठी रबर बंद, फोटोपॉलिमर प्लेट. लेबल मोठं केलं आणि हवेच्या भोकांपासून, घडीपासून लांब, सपाट बाजूवर घेतलं. चिन्हाभोवती "एफएससी" या अक्षरांच्या उंचीइतकी मोकळी जागा सोडावी लागते. आम्ही थोडी जास्तच सोडतो, कारण स्लॉटिंगला, म्हणजे खाचा कापताना, खोकं एक-दोन मिलिमीटर सरकतं. आमचं बहुतेक काम मिक्स लेबलाचं, म्हणजे प्रमाणित कागदाबरोबर इतर मान्य कागदही असलेल्या मालाचं असतं. संपूर्ण पुनर्वापराच्या कागदाची खोकी रिसायकल्ड लेबलाखाली जातात. शंभर टक्क्यांचं, म्हणजे सगळा कागद प्रमाणित जंगलातलाच असल्याचं लेबल आम्ही अजून एकदाही लावलेलं नाही, कारण तसा कागद आम्ही घेत नाही. तीनही लेबलांत झाड तेच असल्यामुळे घाईत अदलाबदल होऊ शकते, म्हणून प्लेटा वेगळ्या कपाटात असतात आणि किल्ली एकाकडेच. खोक्यावर "पॅकेजिंग" हा शब्द आम्ही आग्रहानं ठेवतो. दावा खोक्याचा आहे, आतल्या द्राक्षाचा नाही, आणि दुकानात फळ उचलणाऱ्या बाईला ते कळायला हवं.

गिऱ्हाइकांना समजावण्यात मात्र अजूनही सगळ्यात जास्त वेळ जातो. यंदा एका नव्या निर्यातदाराच्या डिझायनरनं ते झाड त्यांच्या स्वतःच्या हिरव्या पानाच्या वर्तुळात बसवलं आणि त्याला "निसर्गाचा मित्र" अशी ओळ जोडली. चित्र सुंदर होतं. मी त्याला फोनवर सांगितलं की बाळा, तुझं पान तुझ्या जागी राहू दे, याचं झाड याच्या जागी. दोन्ही एकत्र गुंफलंस तर तुमच्या कंपनीचं सगळंच तपासलंय असं वाटेल, आणि ते खरं नाही. तो नाराज झाला. आर्टवर्क तीन वेळा परत गेलं. चौथ्यांदा त्यानंच विचारलं, "काका, मोकळी जागा पुरतेय ना आता?"

मंजुरी परवा रात्री आली. सकाळी प्लेट चढवली. आमच्याकडे मशीनवर जे मामा आहेत ते वडिलांच्या वेळेपासूनचे. पहिलं खोकं निघालं तसं त्यांनी ते खिडकीशी नेलं, चष्मा कपाळावर सारला, आणि आकडे एकेक करून मोठ्यानं वाचले. मी वहीतला क्रमांक धरून ताडत होतो. सहाही आकडे जुळले तेव्हा त्यांनी खोक्यावर तारीख टाकली, ते नमुन्याच्या फळीवर ठेवलं आणि मशीन सुरू केलं.