नवऱ्याच्या कागदावरची बाई

फ्रान्समधल्या मोरोक्कन, अल्जीरियन आणि ट्युनिशियन स्त्रियांविषयीची चर्चा बहुधा डोक्यावरच्या रुमालापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. रुमाल काढायला नकार देणाऱ्या क्रेय या गावातल्या शाळकरी मुलींचे १९८९ चे प्रकरण आणि २००४ चा शाळांपुरता बंदीचा कायदा यांवर भरपूर लिहिले गेले आहे. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो या बायकांच्या कायदेशीर ओळखीचा प्रश्न.

१९७४ मध्ये फ्रान्सने परदेशी कामगारांची भरती थांबवली आणि एप्रिल १९७६ च्या हुकुमाने आधीच आलेल्या पुरुषांच्या बायकामुलांना येण्याची वाट दिली. पुढच्याच वर्षी सरकारने अट घातली, की येणाऱ्या कुटुंबीयांनी नोकरी मागायची नाही. म्हणजे बाईने यायचे ते केवळ पत्नी म्हणून. डिसेंबर १९७८ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती अट रद्द केली. (अमेरिकेत नोकरदाराच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर वर्षानुवर्षे घरी बसलेल्या आपल्याकडच्या उच्चशिक्षित मुलींना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.)

सीमा ओलांडली तरी मायदेशाचा कुटुंबकायदा मात्र सुटत नव्हता. फ्रान्स आणि मोरोक्को यांच्यातल्या १९८१ च्या करारानुसार मोरोक्कन जोडप्याच्या विवाहाला आणि घटस्फोटाला सामान्यतः मोरोक्कन कायदाच लागू होई, तर अल्जीरियाच्या १९८४ च्या कायद्यात पत्नीने पतीची आज्ञा पाळावी असे चक्क कलमच होते. त्यामुळे पॅरिसच्या उपनगरात संसार असलेला नवरा मायदेशी जाऊन एकतर्फी तलाक घेई आणि त्याचा कागद फ्रेंच न्यायालयापुढे ठेवी. पती-पत्नींच्या समानतेला बाधा येते म्हणून असे तलाक मानण्यास फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००४ मध्ये ठाम नकार दिला. त्याच वर्षी मोरोक्कोने आणि पुढच्या वर्षी अल्जीरियाने आपापले कायदे बदलून आज्ञापालनाचे कर्तव्य काढून टाकले.

या तिन्ही देशांच्या बायकांना एकाच ‘मगरेबी’ (म्हणजे वायव्य आफ्रिकेतल्या) साच्यात घालण्याची फ्रेंच सवय मला विशेष खटकते. ट्युनिशियाने १९५६ मध्येच बहुपत्नीत्व आणि तोंडी तलाक बंद करून घटस्फोट न्यायालयाच्या अखत्यारीत आणला होता. फ्रान्समधल्या विवाहितेला पतीच्या संमतीवाचून नोकरी धरण्याचा आणि स्वतःच्या नावाने बँकेत खाते उघडण्याचा हक्क मिळायला मात्र १९६५ साल उजाडावे लागले.