कृष्णा पूर्वेला का वाहते, आणि ऑक्सफर्डचा भूविज्ञान विभाग

सांगलीजवळ हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. त्या संगमावर गेलो की शाळेत भूगोलाच्या बाईंना विचारलेला एक प्रश्न मला दर वेळी आठवतो. महाबळेश्वरपासून अरबी समुद्र जेमतेम ६५ किलोमीटरवर असताना कृष्णा त्याच्याकडे पाठ फिरवते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते, हे कसे? बाई म्हणाल्या, "उतार तिकडे आहे म्हणून." उत्तर खरेच होते, पण उतार तिकडे का आहे, हा प्रश्न मागे उरलाच. पुढे मी भूविज्ञान शिकलो, तेच आयुष्यभर शिकवले, आणि या प्रश्नाचे मला सर्वांत विचार करायला लावणारे उत्तर ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागातील एका संशोधकाच्या लेखात मिळाले. तेव्हापासून त्या विभागाचा आणि तिथल्या माणसांचा इतिहास मी जमेल तसा वाचत आलो आहे.

त्या इतिहासाची सुरुवात विल्यम बकलंड यांच्यापासून धरतात. १८१८ मध्ये ते तिथे भूविज्ञानाचे प्रपाठक झाले. १८२४ मध्ये त्यांनी मेगॅलोसॉरस या प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. 'डायनोसॉर' हा शब्द तेव्हा जन्मलाही नव्हता. आधुनिक भूविज्ञानाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेले चार्ल्स लायल त्यांच्या व्याख्यानांना बसत असत. बकलंड सुरुवातीला भूस्तरांमध्ये बायबलमधील जलप्रलयाच्या खुणा शोधत होते. मात्र पुरावा उलट दिशेला नेऊ लागला, तेव्हा त्यांनी ते मत सोडले आणि त्या खुणा हिमनद्यांच्या आहेत हा सिद्धान्त स्वीकारला. आपले जाहीर मत असे बदलणारा शिक्षक विभागाला आरंभीच लाभला, हे मला मोठे भाग्य वाटते.

त्यांच्यानंतर आलेले जॉन फिलिप्स हे विल्यम स्मिथ यांचे भाचे. १८१५ मध्ये इंग्लंडचा भूवैज्ञानिक नकाशा प्रसिद्ध करणारे ते हे स्मिथ. पोरक्या झालेल्या फिलिप्स यांना मामांनीच वाढवले. १८६० मध्ये उघडलेल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात अंगणाभोवतीचा प्रत्येक खांब ब्रिटनमधील वेगवेगळ्या खडकाचा आहे. विद्यार्थ्याने खांबांवरून हात फिरवत चालावे आणि चालता चालता खडक ओळखायला शिकावे, याहून चांगला वर्ग मला तरी सुचत नाही.

माझे मन मात्र अधिक रेंगाळते ते लॉरेन्स वेजर यांच्यापाशी. ते १९५० ते १९६५ या काळात तिथे प्राध्यापक होते. त्याआधी १९३३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत ते प्राणवायूच्या नळकांड्याशिवाय सुमारे ८,५७० मीटर उंचीपर्यंत पोहोचले होते. पूर्व ग्रीनलंडमध्ये स्केरगार्ड येथे त्यांना एक विलक्षण खडक-समूह सापडला, आणि १९३५-३६ मध्ये तिथल्या हिवाळ्यात मुक्काम करून त्यांनी सहकाऱ्यांसह त्याचा थर न् थर अभ्यासला. शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, जमिनीखालच्या एका कुंडात सावकाश थंड होत गेला, आधी तयार झालेले स्फटिक तळाशी साचत गेले, आणि उरलेला रस हळूहळू लोहाने समृद्ध होत गेला, ही प्रक्रिया तिथे जणू एकावर एक पाने रचावीत तशी जपली गेली आहे.

वेजर यांचे आणखी एक काम आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. एव्हरेस्टच्या वाटेवर त्यांनी तिबेटमधून हिमालय चिरून नेपाळमध्ये उतरणारी अरुण नदी पाहिली आणि १९३७ मध्ये तिच्या मार्गावर निबंध लिहिला. नदी पर्वतांहून जुनी आहे आणि पर्वत वर येत असताना ती आपला मार्ग कापत राहिली, असा त्यांचा युक्तिवाद होता. नदीचा मार्ग हा जमिनीच्या हालचालींचा लेखी पुरावा असतो, ही दृष्टी त्या निबंधात आहे. पुढे याच विभागातून कृष्णेविषयी जे लिहिले गेले, ते वाचताना मला वेजर यांची अरुण नदी आठवल्यावाचून राहत नाही.

ते लिहिणारे संशोधक म्हणजे कीथ कॉक्स. वेजर प्राध्यापक असतानाच्या काळात, १९५० च्या दशकात, त्यांनी ऑक्सफर्डमध्ये शिक्षण घेतले. पुढे आफ्रिकेतील कारू प्रदेशाच्या बेसाल्टवर, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याच्या काळ्या खडकावर, काम केले आणि एडिनबरामार्गे ते पुन्हा ऑक्सफर्डला शिकवायला आले. १९८० मध्ये त्यांनी मांडले की पठारांवर पसरणारा लाव्हा प्रावरणातून, म्हणजे भूकवचाखालच्या जाड थरातून, थेट वर येत नाही. तो भूकवचाच्या तळाशी अडतो, तिथे त्यातील काही स्फटिक वेगळे होतात आणि मग बदललेला रस वर उसळतो. स्केरगार्डचा धडा इथे पुन्हा भेटतो. (शिलारस आणि प्रावरण हे शब्द मला आमच्या वाईत सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाने दिले, हे कृतज्ञतेने नमूद करतो.)

१९८४-८५ मध्ये कॉक्स आणि ओपन युनिव्हर्सिटीचे ख्रिस हॉक्सवर्थ यांनी महाबळेश्वर परिसरातील बेसाल्टच्या थरांवरचे निबंध प्रसिद्ध केले. नुसत्या डोळ्यांना हा सगळा काळा कातळ सारखाच दिसतो. थरांमध्ये कुठे लाल मातीचा पट्टा दिसतो, कुठे गारगोट्यांनी भरलेली पोकळी, एवढाच काय तो फरक. परंतु स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांचे, म्हणजे त्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचे, प्रमाण मोजले की थर वेगळे बोलू लागतात. जुन्या भूखंडीय कवचात स्ट्रॉन्शियम-८७ चे प्रमाण अधिक असते, त्यामुळे वर येताना लाव्ह्याने वाटेतले कवच किती विरघळवून घेतले, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. खालच्या पोलादपूर थरांमध्ये ही भेसळ स्पष्ट आहे, त्यावरचे आंबेनळीचे थर बरेच शुद्ध आहेत आणि माथ्यावर महाबळेश्वरचे थर पुन्हा निराळे आहेत. एस.टी.च्या पाटीवर वाचलेली ही नावे आज दख्खनच्या लाव्ह्याविषयीच्या जगभरच्या निबंधांत येतात.

आता कृष्णेकडे वळतो. १९८९ मध्ये कॉक्स यांनी दख्खन, दक्षिण अमेरिकेतील पराना आणि आफ्रिकेतील कारू या तीन प्रदेशांतील नद्या एकत्र पाहिल्या. तिन्ही ठिकाणी नद्या किनाऱ्याजवळ उगम पावून समुद्रापासून दूर वाहतात. प्रावरणातून वर येणाऱ्या अतितप्त स्तंभाने जमीन घुमटासारखी फुगवली, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्याकडे लाव्हा उसळला तो त्याच उष्णतेने, पुढे खंड फुटून घुमटाचा अर्धा भाग निघून गेला, आणि उरलेल्या अर्ध्याच्या उतारावरून नद्या आजही आतल्या बाजूला वाहतात, असे त्यांचे म्हणणे. हे सर्वांनी मान्य केलेले नाही. सह्याद्रीची उंची लाव्ह्यानंतर बऱ्याच काळाने, किनाऱ्याची कड उचलली गेल्यामुळे आली, असे मानणारे अभ्यासक आहेत, आणि त्यांचे पुरावेही दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. तरीही शाळेतला माझा प्रश्न विचार करण्याजोगा मानून कोणीतरी त्याच्यावर विचार केला होता, हे तो लेख वाचताना मला जाणवले आणि मी फार हेलावलो. कॉक्स १९९८ मध्ये स्कॉटलंडजवळच्या समुद्रात नौकेच्या अपघातात गेले.

मी दर वर्षी विद्यार्थ्यांना घेऊन आंबेनळी घाट उतरत असे आणि आदल्या दिवशी फळ्यावर कॉक्स यांचा घुमट काढत असे. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात ज्या नद्यांचे उगम एकत्र मानले जातात, त्यांपैकी सावित्री पश्चिमेला कोकणात उतरते आणि कृष्णा पूर्वेला जाते, हे बाणांनी दाखवत असे. एका वर्षी पाटणच्या एका विद्यार्थिनीने हात वर केला आणि विचारले, "सर, मग आमची कोयना हेळवाकपर्यंत सह्याद्रीला समांतर सरळ दक्षिणेला का जाते आणि तिथेच एकदम पूर्वेला का वळते?" घुमटाच्या चित्रात त्याचे उत्तर नव्हते. त्यासाठी खडकांतील भेगांच्या दिशा पाहाव्या लागतात, एवढे सांगून मी फळा पुसला, आणि पुढच्या वर्षीची सहल कोयनेच्या खोऱ्यात नेली.