उणे ८०

दुपारी अडीचला लाइट गेली. बाहेर ऊन मी म्हणतंय आणि लॅबमध्ये सगळ्यांचे डोळे उणे ८० अंशांच्या फ्रीजरवर. उणे ७८... ७५... जनरेटरमध्ये डिझेल नाही! ते भरायचं काम कुणाचं, यावर नंतर भांडू म्हटलं. (भांडलोच.) दार मात्र कुणाला उघडू दिलं नाही, उघडलं की गारवा भसकन जातो.

आत कॅन्सरच्या पेशंटचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग. त्यातली एक नळी गेवराईकडच्या मावशींची. रक्त दिल्यावर कापूस दाबून धरत त्यांनी विचारलं होतं, "लेकरा, रिपोट कधी भेटंल?" संमतीपत्र वाचून दाखवलं होतं, तरी परत सांगितलं: मावशी, रिपोर्ट तुम्हाला नाही मिळणार, हे संशोधनासाठी आहे, कदाचित पुढच्या बायांना उपयोग होईल.

"मंग अजून एक नळी घे की," म्हणाल्या.

उणे ६९ ला लाइट आली.