कॅटालिना १:७२, भाग ३: चाकांचे खड्डे बुजले, काचेचे फुगे बसले

मंडळी, कॅटालिना म्हणजे पाण्यावर उतरणारं गस्ती विमान, आणि हे १:७२ (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाचं) प्लास्टिक मॉडेलचं किट त्याच्या चाकंवाल्या, जमिनीवरही उतरणाऱ्या ५ए प्रकाराचं आहे. मला हवंय स्क्वाड्रन लीडर लिओनार्ड बर्चल यांचं विमान, कॅनडाच्या ४१३ स्क्वाड्रनचं, सिलोनच्या (आजच्या श्रीलंकेच्या) कोग्गला तळ्यावरचं. त्याला स्वतःची चाकं नव्हतीच. किनाऱ्यावर घ्यायचं तर माणसं पाण्यात उतरून त्याला बाहेरून चाकं जोडायची, मग ओढून काढायची. म्हणून दोन्ही कुशीतले चाकांचे खड्डे प्लास्टिक शीटने झाकले, वरून पुट्टी. प्रायमर मारला की शिवण डोकं वर काढायची. तिसऱ्या हाताला कुठे नखाला काही लागेनासं झालं.

खरा जीव अडकला तो मागच्या दोन काचेच्या फुग्यांत, म्हणजे टेहळणीच्या फुगीर खिडक्यांत. सुपरग्लू वापरला आणि सकाळी डावा फुगा आतून वाफेने पांढुरका! २००० नंबरचा पेपर पाण्यात भिजवून घासला, मग टूथपेस्ट आणि जुन्या बनियनचं फडकं. तासाभराने आरपार दिसू लागलं. आता फेव्हिकॉलच.

एवढी मेहनत घेतली, कारण या विमानाचं कामच मुळी बघण्याचं होतं. ४ एप्रिल १९४२, सिलोनला पोचून बर्चलना दोनच दिवस झालेले. दिवसभर गस्त घालून दुपारी चारच्या सुमाराला दक्षिण क्षितिजावर ठिपके दिसले. जवळ जाऊन पाहतात तो जपानी अ‍ॅडमिरल नागुमोंचा विमानवाहू ताफा, बेटापासून सुमारे ३५० मैलांवर! जपानी झीरो लढाऊ विमानं तुटून पडली तरी रेडिओवाला संदेश पाठवत राहिला. तिसऱ्यांदा पाठवताना रेडिओच फुटला. नऊ जणांपैकी तिघे गेले. सहा जणांना जपानी विनाशिकेने पाण्यातून उचललं आणि ते युद्ध संपेपर्यंत कैदेत राहिले. पण संदेश पोचला होता. दुसऱ्या दिवशी, ईस्टरच्या रविवारी, कोलंबोवर हल्ला झाला तेव्हा बंदरातली बरीचशी जहाजं बाहेर पडलेली होती. डॉर्सेटशायर आणि कॉर्नवॉल या ब्रिटिश क्रूझर (युद्धनौका) मात्र त्याच दिवशी समुद्रात बुडाल्या, हेही विसरता येत नाही.

पंख नुसते टेकवून पाहिले, ४४ सेंटिमीटर भरले. कपाटाचा वरचा कप्पा रिकामा करावा लागणार. मॉडेल उडतं दाखवायचं असल्याने पंखांच्या टोकाचे तरंगे (पाण्यावर तोल सांभाळणारे फ्लोट) वर दुमडूनच चिकटवेन. दुमडले की त्यांचीच पंखांची टोकं होतात. त्यांच्या फटीत अजून उजेड दिसतोय, रविवारी तेवढी बुजवतो.