शुक्रवारची रांग, आणि ते व्हेज असतं का

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं नीट लिहूनच टाकते, कारण मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या डोहाळजेवणात, अगदी व्हॉट्सॅपवर सुद्धा हा प्रश्न येतो, की अगं तू दर शुक्रवारी मेन स्ट्रीटवरच्या त्या ज्यू बेकरीत रांग लावून काय आणतेस, आणि मुख्य म्हणजे ते व्हेज असतं का.

मी न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये राहते, क्यू गार्डन्स हिल्सला. क्यू ४४ बसने वर गेलं की फ्लशिंग, तिथे आपलं गणपतीचं देऊळ आणि त्याच्या कँटीनचा डोसा, आणि घराजवळ ह्या कोशर, म्हणजे ज्यू धर्माच्या खाण्याच्या नियमांनी चालणाऱ्या बेकऱ्या. सुरुवातीची तीन वर्षं मी त्यांच्यावरून नुसती जात होते, आपल्याला काय करायचंय म्हणून.

माझ्या मुलाला दुधाची अ‍ॅलर्जी आहे. पचत नाही वगैरे नाही, अ‍ॅलर्जी. दूध, लोणी, दुधाची पावडर, काही पोटात गेलं की अंगावर लाल चट्टे आणि ओठ सुजलेले, अगदी तूप सुद्धा नाही, म्हणजे वरणभातावरची धार त्याच्या नशिबातच नाही. तो चार वर्षांचा असताना एका दुकानात (नाव राहू दे, ह्या बेकऱ्यांपैकी नव्हतं) काउंटरवरच्या मुलीला मी दोनदा विचारलं यात दूध आहे का, ती म्हणाली नो नो, त्याने तो बन अर्धा खाल्ला असेल नसेल आणि रात्र आम्ही इमर्जन्सीत काढली. तिला माहीतच नव्हतं हो, पण माहीत नाही असं म्हणायला हवं हे पण माहीत नव्हतं. त्यानंतर जवळजवळ वर्षभर बाहेरचा पाव घरात आलाच नाही, मीच वेड्यासारखी यीस्ट फुगवत बसायचे आणि निम्म्या वेळा दगड व्हायचा.

मग आमच्या बिल्डिंगमधल्या एक ज्यू आजी, ऐंशीच्या पुढच्या, लिफ्टमध्ये माझी रडकथा ऐकून एकच शब्द बोलल्या. पार्वे. पार्वे लिहिलेलं बघ.

तर हे पार्वे काय, तर त्यांच्यात मांस आणि दूध एकत्र चालत नाही, भांडी वेगळी, स्पंज सुद्धा वेगळा. ज्यात दोन्ही नाही ते पार्वे. शुक्रवारी सूर्य बुडताना त्यांचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, सुरू होतो, त्या जेवणात बहुतेक घरी चिकन नाहीतर मटण, मग सोबतच्या पावात दूध-लोणी कसं चालेल. आणि जुना नियम तर याच्याही पुढे जातो, पाव दुधात मळायचाच नाही, चुकून मटणाबरोबर खाल्ला जाईल म्हणून, आणि मळलाच तर आकार असा वेगळा करायचा की बघितल्याबरोबर कळावं. हे ऐकलं आणि मला आमची आजीच आठवली, लोणच्याच्या बरणीला कुणाला शिवू न देणारी. लहानपणी त्या सगळ्याचा इतका वैताग यायचा, आणि इथे दुसऱ्या कुणाचं तरी सोवळं माझ्या पोराच्या कामाला आलं.

आता व्हेजचं. चरबी नसते, डुकराची तर नसतेच नसते. पण पार्वेत अंडं चालतं, मासा पण चालतो, त्यामुळे पार्वे म्हणजे व्हेज असं धरून चालू नका. खल्ला, म्हणजे त्यांचा शब्बाथचा वेणीचा पाव, त्यात सहसा अंडं असतं, आतही आणि वरून ब्रशनेही. अंडं नको असेल तर वॉटर खल्ला मिळते का विचारा, किंवा साधे बेगल, म्हणजे मधे भोक असलेले गोल पाव घ्या, एग बेगल सोडून. बेगल आधी उकळत्या पाण्यात टाकतात आणि मग भट्टीत, म्हणून वरून तो तुकतुकीत आणि चिवट. त्याचा भाऊ बियाली, पोलंडच्या बियाविस्तोक गावचा, तो उकळत नाहीत, मधे भोकाऐवजी खळगा असतो आणि त्यात कांदा आणि खसखस. माझं मत विचाराल तर बेगलला उगाच डोक्यावर चढवलाय, गरम बियाली खाऊन बघा.

शुक्रवारी सकाळी आत शिरलात की आधी नंबरचा कागद ओढायचा, नाहीतर उभेच राहाल. आमच्या काउंटरवरच्या बाई मान वर न करता स्लाइस करू का विचारतात आणि खल्लाला नो म्हटलं की खूश होतात, कारण शब्बाथच्या टेबलावर ती अख्खीच ठेवायची असते. सहा पेडांची घट्ट वेणी, वरून गडद तपकिरी, तीळ किंवा खसखस, आणि ताजी असेल तर पिशवीच्या आतून वाफ धरलेली. एक पेड ओढला की आतलं पिवळसर सूत लांबत येतं, म्हातारीच्या कापसासारखं, आणि माझा मुलगा ते सूत तुटेपर्यंत श्वास रोखून बसतो. लोक दोन-दोन नेतात, कारण टेबलावर दोन ठेवायच्या असतात, त्यांच्या धर्मग्रंथातल्या गोष्टीत वाळवंटात शुक्रवारी दुप्पट मान्ना, म्हणजे आकाशातून येणारं अन्न, पडायचा त्याची आठवण. खल्ला हे खरं तर पावाचं नावच नव्हे, मळलेल्या पिठातून एक गोळा बाजूला काढून जाळतात, त्याचं ते नाव.

हे मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे गोग्रासच की. आई त्या वर्षी सहा महिने आमच्याकडे होती. ती अलिबागची, इस्राएल आळी तिच्या शाळेच्या वाटेवर, त्यामुळे शनिवारी दुकान बंद याचं तिला काडीचं नवल वाटलं नाही. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणातल्या ज्यूंना, बेने इस्राएलांना, शनवार तेलीच म्हणायचे. पण हा पाव तिने बघितलेला नव्हता, तिच्या ओळखीच्या घरी मलिदा व्हायचा, पोहे, नारळ, साखर आणि फळं. खल्ला हा शब्द तिच्या तोंडी बसला नाही. ती शेवटपर्यंत हल्ला म्हणायची. जाताना दोन हल्ले आण गं.

एक सावधगिरी, कारण माझं ऐकून कुणी धावेल. पार्वे हा धर्माचा नियम आहे, अ‍ॅलर्जीचा रिपोर्ट नाही. त्याच मशीनवर आधी दुसरं काही झालेलं असू शकतं. काही बेकऱ्यांत चीज डॅनिश पण असतं, तिथे मी पाऊल ठेवत नाही, आमची बेकरी पूर्ण पार्वे आहे आणि तरी मी पहिल्यांदा मालकांना भट्टी वेगळी आहे का, ट्रे वेगळे आहेत का सगळं विचारलं, ते बिचारे मला आत घेऊन गेले आणि पिठाची पोती दाखवली. आणि रुगेलाख, म्हणजे सारण भरून गुंडाळलेली छोटी पेस्ट्री, बाहेर कुठेही घेऊ नका, अमेरिकेत त्याचं पीठ सहसा क्रीम चीजचं असतं. कोशर पार्वे दुकानातलं तेलाचं किंवा मार्गरीनचं. चव? खरं सांगू, लोण्याची सर नाही. माझा मुलगा मात्र चॉकलेटवाला रुगेलाख खाताना डोळे मिटतो, त्याने लोणी कुठे खाल्लंय.

आता आमचंही कॅलेंडर बेकरीवर चालतं. रोश हशानाला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, खल्ला गोल होते, आत मनुका. पुरिमच्या सणाला त्रिकोणी हामानताशेन, खसखशीचं सारण घातलेलं, करंजीची चुलत बहीण. आणि पेसाखच्या सणाला आठ दिवस शटर खाली, कारण तेव्हा फुगलेलं पीठ घरात सुद्धा नको, पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांच्या आत भाजून झालं तरच ती मात्झो, म्हणजे सणाची न फुगलेली पातळ भाकरी. त्या आठवड्यात आमच्याकडे पोळ्या, आणि चिरंजीवांचं तोंड वाकडं.

तर यायचं असेल तर हिवाळ्यात शुक्रवारी दुपारी बाराच्या आत या. डिसेंबरात साडेचारला सूर्य बुडतो आणि बेकरी त्याच्या कितीतरी आधी बंद, मी दोनदा थंडीत बंद दारापर्यंत जाऊन आले आहे. उरलेली खल्ला रविवारपर्यंत कोरडी पडते, तिचे जाड तुकडे अंडं, नारळाचं दूध आणि वेलदोड्यात बुडवून तव्यावर तेलावर भाजते. ही युक्ती आईची. ती आता अलिबागला परत गेली, पण इथली शुक्रवार सकाळ म्हणजे तिकडची रात्र, झोपायच्या आधी फोन येतोच. हल्ला आणलास का?