आखाजीची शीतली

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांना टेकतो आणि योगवर्गात सूर्यनमस्कारांचा उत्साह मावळून शीतली या प्राणायामाची आठवण होते. फुकटचा एसी, असं कुणीतरी म्हणतंच. एसी नव्हे, फार तर कूलर. आणि कूलर ज्या कारणाने खानदेशात चालतो, त्याच कारणाने शीतलीही चालते. हवा कोरडी असते. ओल्या जिभेवरून ती आत जाताना ओल उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. मुंबईच्या दमट हवेत तोच श्वास जेमतेम गार लागेल. आपल्या उन्हाळ्याचं कौतुक करायला एवढी तरी जागा आहे.

मांडी घालावी, नाही जमली तर खुर्ची चालते. पाठ मात्र ताठ हवी. जीभ ओठांबाहेर थोडी काढून दोन्ही कडा वर वळवायच्या, पन्हळीसारख्या. चार अंक मोजत त्या पन्हळीतून श्वास घ्यायचा. मग जीभ आत, तोंड बंद, आणि सहा ते आठ अंकांत नाकाने सावकाश सोडायचा. आठ-दहा आवर्तनं पुरेत. पुष्कळजण घाईत श्वास तोंडानेच सोडून देतात. मग ओठ फुटतात, घसा कोरडा पडतो आणि मुख्य म्हणजे तो लांब उच्छ्वास हुकतो. खरं तर मन निवतं ते त्यानेच. गार जीभ हे नुसतं निमित्त. जोर लावून सूं-सूं ओढणाऱ्यांना चक्कर येते, कारण श्वास गरजेपेक्षा जास्त होतो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो.

काहींची जीभ वळतच नाही. त्याला सरावाचा आळस म्हणू नये. हठयोगप्रदीपिका या जुन्या ग्रंथातल्या आठ कुंभकांत, म्हणजे प्राणायामाच्या प्रकारांत, शीतलीच्या शेजारीच सीत्कारी आहे: दात हलके जुळवून फटींतून श्वास घ्यायचा. दात शिवशिवत असतील तर तीही नको.

जागा गच्चीची, वेळ सकाळी सहाच्या आतली. संध्याकाळी स्लॅब अजून तापलेला असतो. दुपारी तर नकोच: नाक हवा गाळतं, तोंड गाळत नाही, आणि वैशाखातला फुफाटा सरळ घशात उतरतो. दमा, सर्दी, कमी रक्तदाब असेल तर शीतली टाळावी. रात्री उशिरा शेवभाजी ओरपली असेल तर पोट हलकं होईपर्यंत थांबावं.

ऊन लागलेल्या माणसाला मात्र कुणी शीतली करायला बसवू नये. त्याला सावली, अंगावर ओलं फडकं, वारा हवा. शुद्धीत असेल तर पाणी, आणि बरळायला लागला तर थेट दवाखाना.

पौषात धुळ्याकडे थंडी बोचायला लागली की शीतली बंद. काहीजण तेव्हा भस्त्रिकेकडे, म्हणजे भात्यासारख्या जोरकस श्वासोच्छ्वासाकडे, वळतात, पण तिची पथ्यं निराळी. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.